इंग्रजीच्या तासाला चोर-पोलीस

परवा एका पोराचे वडील शाळेच्या गेटपाशी भेटले. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात कामाला आहेत, शिफ्ट सुटली तसे थेट आलेले. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण पोरगं घरी येऊन सांगतंय की इंग्रजीच्या तासाला आम्ही चोर-पोलीस खेळलो. मग टेन्स कधी शिकवणार?" मी म्हणलं, दादा, ते टेन्सच होतं. त्यांचं काही समाधान झालं नाही हे तोंडावर दिसत होतं, आणि गेटवर उभं राहून पाच मिनिटांत सांगण्यासारखी ती गोष्टही नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. त्यांच्यासाठी, आणि हाच प्रश्न मनात असलेल्या सगळ्यांसाठी, त्यात आम्ही शिक्षक पण आलोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की टेन्स तक्त्यावरून पाठ होतात पण वापरता येत नाहीत, कारण तक्ता क्रियापदाचं रूप सांगतो, ते रूप कधी आणि कशासाठी निवडायचं हे नाही सांगत. निवडायची वेळ पोरावर खरोखर यायला लागते. आणि पन्नास पोरांच्या वर्गात ती वेळ आणायचा मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे खेळ. म्हणून आठवड्यातला एक तास या खेळांना वेळापत्रकात लिहून द्यायला पाहिजे. पोर्शन संपल्यावरचं बक्षीस म्हणून किंवा ऑफ तासाला वेळ घालवायला म्हणून दिलेला तास वेगळा, मी तो मागत नाहीये.

आता तक्त्याचं बघू. आपल्याकडे पाचवी-सहावीपासून बारा काळांचा तक्ता भिंतीवर असतो, तीन काळ गुणिले चार प्रकार. पोरं तो धडाधड म्हणतात, सब्जेक्ट प्लस हॅव ऑर हॅज प्लस व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. माझ्या वर्गातला नववीचा एक पोरगा हे झोपेतून उठवलं तरी म्हणेल. तोच पोरगा एकदा उशिरा आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, आय लेट, बस इज नॉट कम." केएमटी, म्हणजे आमची शहर बस, आलीच नव्हती, धावत आलेला, घामाघूम. त्याला त्या क्षणी जे वाक्य पाहिजे होतं त्याचं सूत्र त्याच्या डोक्यात होतं की, पण सूत्र आणि गरज यांची कधी भेटच झालेली नव्हती. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत पोर १० वर्षं इंग्रजी शिकतं, आणि नंतर हेच आईबाप पैसे भरून त्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालतात. एकाच गोष्टीची फी दोनदा.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटत असेल तर याचं, की ही निवड पोरांना आपल्या भाषेत आधीपासून येत असते. तुम्हीच बोलून बघा. "मला ताप आलाय" आणि "मला काल ताप आला". आता "मला काल ताप आलाय" म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं. इंग्रजीत "आय हॅव गॉट फीव्हर यस्टर्डे" नेमकं त्याच कारणाने चुकतं, काल म्हणलं की हॅव बसत नाही. पोराला हे मराठीत कुणी शिकवलेलं नाही आणि ते कधी चुकत पण नाही. तसंच "बाबा पन्हाळ्याला गेलेत" आणि "मी पन्हाळ्याला जाऊन आलोय". पहिल्यात बाबा अजून तिकडेच आहेत, दुसऱ्यात मी परत आले. हॅज गॉन आणि हॅव बीन यातला फरक हाच, ज्याच्यावर इंग्रजीचे शिक्षक दोन-दोन तास घालवतात. आणि आपली कोल्हापुरी तर याबाबतीत फार पक्की. "मी दोनला जेवतो" ही रोजची सवय, "मी जेवालोय, नंतर फोन कर" हे आत्ता चाललेलं. जेवतो आणि जेवालोय यात आमच्या पेठेतल्या चार वर्षांच्या पोराची पण गल्लत होत नाही, मग आठवीत आल्यावर आय ईट आणि आय अॅम ईटिंग मध्ये का व्हावी? कारण आपण त्याला सांगितलेलं असतं की वर्गात गावठी बोलायचं नाही. त्याच्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं भांडवल आपण दाराबाहेर चपलांबरोबर ठेवायला लावतो.

कुठे मराठी आणि इंग्रजीची वाट फुटते ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर एकच बाजू होईल. आपण म्हणतो "काल मी बाजारात गेल्तो", म्हणजे गेलो होतो, म्हणून पोरं लिहितात "यस्टर्डे आय हॅड गॉन टू मार्केट". इंग्रजीत तिथे नुसतं वेंट पुरतं. आपण म्हणतो "आम्ही दहा वर्षं बावड्यात राहतोय", चालू वर्तमानकाळ, म्हणून "वुई आर लिव्हिंग सिन्स टेन इयर्स", जिथे इंग्रजीला हॅव बीन लिव्हिंग फॉर लागतं. आपण प्रश्न करताना क्रियापद तसंच ठेवून मागे का लावतो, "तू गेलास का", म्हणून "डिड यू वेंट". आणि आपण फोनवर "आलोच" म्हणतो तेव्हा अजून चप्पल पण घातलेली नसते, रूप भूतकाळाचं आणि अर्थ भविष्याचा! या चुका बेशिस्तीच्या नाहीत, प्रत्येकीला कारण आहे, आणि ते कारण मोठ्यानं बोललं की पोराच्या डोक्यात उजेड पडतो. पण उजेड पडला तरी जिभेला सवय लागायला तेच वाक्य वीस वेळा, मनापासून, कुणाला तरी काहीतरी सांगायचंय म्हणून बोलायला लागतं.

आता चोर-पोलीस. हा खेळ जगभर इंग्रजी शिकवणारे खेळवतात, मी फक्त तो आपल्याकडचा केलाय. वर्गात सांगायचं की काल संध्याकाळी ६ ते ८ या वेळात शाळेचा नवीन फुटबॉल चोरीला गेला. दोघांवर संशय. त्या दोघांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन पाच मिनिटांत एकच गोष्ट जुळवायची, त्या वेळात आपण कुठे होतो, काय करत होतो. मग एकेकाला आत बोलवायचं आणि वर्गाने पोलीस होऊन उलटतपासणी घ्यायची. दोघांच्या जबाबात फरक सापडला की चोर ठरले.

त्या दिवशी संशयित होते एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी आधी आली. कुठे होता? रंकाळ्यावर. सात वाजता काय करत होता? "वुई वेअर ईटिंग भेळ." किती जण होते, भेळ तिखट होती का, कुणी पैसे दिले, पोलिसांनी सगळं विचारलं, तिनं सगळं नीट सांगितलं. मग मुलगा आला. सात वाजता? "अॅट सेव्हन वुई एट भेळ." पोलीस पुढच्या प्रश्नाला निघाले होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, जी वर्षभर हजेरी सोडून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि तिनं विचारलं, "व्हेन डिड यू स्टार्ट?" तो म्हणाला, "अॅट सेव्हन." "अँड फिनिश?" "सेव्हन टेन." मग ती माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाली, "मॅडम, ती म्हणाली सातला खात होतो, म्हणजे सातच्या आधीच सुरू केलं असणार. हा म्हणतोय सातला सुरू केलं. दोघं खोटं बोलालेत." सगळा वर्ग एकदम उसळला.

वेअर ईटिंग आणि एट यातला फरक मी फळ्यावर रेषा काढून किमान चार वेळा शिकवलेला. मध्ये एक बाण, बाणाच्या दोन्ही बाजूला लांब रेघ, ते सगळं. वहीत सगळ्यांच्या आहे. पण त्या फरकावर काहीतरी अवलंबून आहे हे त्या पोरीला त्या दिवशी कळलं, कारण त्याच्यामुळे चोर सापडला. पुढच्या तासापासून ती आपणहून उत्तरं द्यायला लागली, आणि तिच्या वहीत पास्ट कंटिन्युअसची चूक मला त्यानंतर क्वचित दिसली.

दुसरा खेळ याहून सोपा, पाचवीपासून चालतो. एकाला बाहेर पाठवायचं, तोवर वर्गात पाच गोष्टी बदलायच्या. खिडकी उघडायची, फळा पुसायचा, दोघांनी जागा बदलायच्या, घड्याळ उतरवून ठेवायचं, कुणाचा तरी डबा टेबलावर. तो आत आला की त्यानं ओळखायचं. "समबडी हॅज ओपन्ड द विंडो. यू हॅव क्लीन्ड द बोर्ड." प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे हॅव-हॅजवाला काळ, शिकवायला याच्याइतकी चोख जागा मी दुसरी बघितलेली नाही, कारण तो बाहेर होता, कधी उघडली ते त्याला माहीतच नाही, त्याच्यासमोर फक्त उघडी खिडकी आहे. वेळ माहीत नाही, परिणाम समोर आहे. प्रेझेंट परफेक्टचा अर्धा संसार एवढ्यावर उभा आहे. आणि मग मी पोरांना विचारते, आपण लहानपणी डोंगराला आग लागली पळा पळा खेळायचो, त्यातली आग इंग्रजीत कशी लावायची? कॉट फायर की हॅज कॉट फायर? वर्गात वाद होतो. मग एखादा म्हणतो, पळा म्हणतोय म्हणजे आग अजून लागलेलीच आहे, हॅज पाहिजे. बरोबर. मराठीत नुसतं "लागली" म्हणून भागतं, इंग्रजीला तिथे हॅज आवडतं.

जुलैमध्ये तर वेगळा खेळ शोधायला पण लागत नाही. कोल्हापुरात पाऊस लागला की सकाळी उठून पहिला प्रश्न, पंचगंगा किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आमच्या पाचवीच्या पोराला पण पाठ असतं. मग एक गट टीव्हीचा, एक गट दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा. टीव्हीवाले म्हणणार "द वॉटर हॅज रीच्ड थर्टी-नाईन फीट, इट इज रायझिंग", पेपरवाले म्हणणार "द वॉटर रीच्ड थर्टी-नाईन फीट यस्टर्डे इव्हिनिंग". बातमी एकच, सांगणारा कुठल्या वेळेला उभा आहे त्यावर काळ ठरतो. फुटबॉलचं पण तसंच. सीझनमध्ये शाहू स्टेडियमवरची मॅच बघून आलेली पोरं असतातच, त्यांना कॉमेंट्री करायला लावायची. कॉमेंट्रीत साधा वर्तमानकाळ येतो, "ही पासेस, ही शूट्स, गोल", आणि त्याच गोलची बातमी सांगताना पास्ड, शॉट, स्कोअर्ड. एरवी थर्ड पर्सनचा एस गिळणारी पोरं ओरडताना पासेस मधला एस बरोबर लावतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

पण खेळ म्हणलं की सगळेच खेळ चांगले असं मी अजिबात म्हणणार नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून बरेच जण बिंगो, स्क्रीनवर फिरणारं चक्र, बझर दाबायची क्विझ असलं काही काही आणतात. त्यातलं बरंचसं म्हणजे तोच तक्ता रंगीत कागदात गुंडाळलेला. गो ला वेंट जोडलं, मिळाला पॉइंट. निवड कुठे झाली? बझरवाल्या खेळात तर तीच चार हुशार पोरं सगळी उत्तरं देतात आणि उरलेली पन्नास टाळ्या वाजवतात. आणि एक प्रकार मला मनापासून नको वाटतो, चुकला की बाद. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटाला बाहेर जाऊन बसतो, आणि ज्याला येतं तो शेवटपर्यंत खेळतो. उलटं पाहिजे खरं तर. माझ्या वर्गात कुणी बाद होत नाही, चुकला तर गटाने सुधारून द्यायचं आणि त्यानेच परत म्हणायचं.

मग पाठांतर नकोच का? पाहिजे. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं बघा, बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, थिंक, टेक. एक पण नियमात बसत नाही. ती रूपं तोंडात बसवायलाच लागतात, त्याला भेंड्या घ्या, चिंचोके लावा, नाहीतर सरळ पाठ करून घ्या, माझी काही हरकत नाही. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तालमीत जोर-बैठका रोज काढायला लागतात, त्याशिवाय अंगात ताकद येत नाही. पण नुसत्या जोर-बैठका काढून कोण खासबागेत कुस्ती मारून आलंय? मातीत उतरून जोडीदाराशी झोंबल्याशिवाय डाव बसत नाही, ढाक कधी टाकायची हे समोरच्याच्या अंगाच्या तोलावरून कळतं. आपण इंग्रजीत पोरांकडून दहा वर्षं बैठका काढून घेतो आणि मातीत उतरवतच नाही.

आता अडचणी, त्या खऱ्या आहेत. पहिली संख्येची. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ पोरांमागे १ शिक्षक लिहिलाय, मी ५४ जणांच्या वर्गात शिकवते. सगळा वर्ग एकाच खेळात घेतला तर एकेकाच्या वाट्याला एक वाक्य पण येत नाही. म्हणून सहा-सहाचे नऊ गट, नऊ चोऱ्या एकदम, आणि मी फिरत राहते, प्रत्येक चूक पकडत नाही, कागदावर लिहून घेते आणि शेवटची दहा मिनिटं फळ्यावर घेते. चूक झाल्या झाल्या टोकलं की बोलणं थांबतं हे मी अनुभवाने शिकले. दुसरी गोंगाटाची. पूर्वी ज्या शाळेत होते तिथे मला एकदा सगळ्या वर्गासमोर विचारलं गेलं, "हा काय बाजार भरवलाय?" मला फार लागलं होतं ते. पोरं त्या मिनिटाला इंग्रजीत भांडत होती, आणि ज्या वर्गाची वाखाणणी व्हायची तिथे पोरं शांत बसून फळ्यावरून उतरवून घेत होती. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही आपली समजूत भाषेच्या तासाला तरी सोडायला पाहिजे. शेजारच्या वर्गाला त्रास होतो हे मान्य, त्यासाठी व्हरांडा आहे, मैदान आहे, आणि आधी सांगून ठेवलं तर शेजारच्या बाई पण समजून घेतात.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि त्या दादांची पण खरी काळजी तीच होती. परीक्षेत चोर-पोलीस येत नाही. दहावीला ८० गुणांचा लेखी पेपर, २० गुण शाळेकडे. त्या वीसात बोलणं-ऐकणं तपासायला जागा आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते गुण पोरानं पाठ करून आणलेल्या दोन ओळींवर दिले जातात हे आपण सगळे जाणतो. आणि लेखी पेपरसाठी सराव काय करून घेतो आपण? एक सुटं वाक्य, राम ईट्स अ मँगो, याचं पास्ट परफेक्ट करा. राम हॅड ईटन अ मँगो. पूर्ण मार्क. पण कशाच्या आधी खाल्ला होता त्यानं आंबा? पास्ट परफेक्टला मागची-पुढची अशी दोन कामं लागतात, एकाच्या आधी दुसरं झालं हे सांगण्यासाठीच तो मुख्यतः आहे, दुसरं कामच नसेल तर त्या वाक्याला अर्थच उरत नाही. म्हणजे पूर्ण मार्क मिळालेलं पोर त्या काळाचा उपयोग काय हे न कळताच पुढच्या इयत्तेत जातं.

याच्या शेजारी एक वाक्य ठेवते. पुराच्या बातम्यांचा तास चालला होता तेव्हा नदीकाठच्या चिखलीचा एक पोरगा २०२१ च्या जुलैतल्या महापुराची गोष्ट सांगायला उभा राहिला. घरात पाणी कधी शिरलं, ते कुठे गेले, अडखळत सांगत होता. मी विचारलं, म्हशींचं काय केलं? तो म्हणाला, "वुई टेक बफेलोज... वुई टुक बफेलोज..." आणि थांबला. त्याला कळत होतं की नुसतं टुक म्हणलं तर पाणी आल्यावर नेल्या असं वाटेल, आणि ते खरं नव्हतं, त्याच्या आजोबांनी आदल्या रात्रीच म्हशी वर हलवल्या होत्या आणि त्याला त्याचा अभिमान होता. शेजारचा पुटपुटला, हॅड टेकन, हॅड टेकन. आणि मग तो म्हणाला, "व्हेन द वॉटर केम, वुई हॅड टेकन द बफेलोज अप. ऑल." ते शेवटचं ऑल त्याचं स्वतःचं.

प्रश्नपत्रिकेत पाहिजे ते हे. सुटं वाक्य देऊन काळ बदला म्हणण्याऐवजी पाच-सहा ओळींचा प्रसंग द्या, दोन जबाब द्या आणि कोण खोटं बोलतंय ते काळावरून शोधायला सांगा, एका खोलीची आधीची आणि नंतरची अशी दोन चित्रं द्या आणि काय काय बदललंय ते लिहायला सांगा. तपासायला अवघड नाही, फसवायला अवघड आहे, गाईडमधून पाठ करून येता येत नाही. बोर्डाच्या पेपरात हे कधी येईल ते माझ्या हातात नाही, मी लिहीत राहीन, बोलत राहीन. पण घटक चाचणीचा, आणि जिथे शाळाच काढते तिथे सहामाहीचा पेपर आपला आपणच काढतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. या सहामाहीला मी आठवीच्या पेपरात दोन जबाबांचा प्रश्न घातलाय, ६ मार्कांना.